ग्लान्झमन असलेल्या लेकीची अठरा वर्षं : ज्यांचं बाळ अजून लहान आहे त्यांच्यासाठी

कृष्णाकाठची :

मागच्या महिन्यात कवठेमहांकाळकडच्या एका ताईंचा ओळखीतून फोन आला. त्यांच्या दहा महिन्यांच्या बाळाला ग्लान्झमन थ्रोम्बॅस्थेनिया, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा जन्मजात आजार, असल्याचं नुकतंच कळलंय. तपासण्या झाल्या, रिपोर्ट हातात आहे. त्यांनी मला एकच विचारलं, "ताई, पुढे काय काय होतं?" मी फोनवर अर्धा तास बोलले, पण नीट सांगता आलं नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितेय. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. लेकीला अठरावं सरून एकोणिसावं लागलंय. चौदा वर्षांच्या मुलालाही हाच आजार आहे.

आधी आजार सांगते. १९१८ साली स्वित्झर्लंडमधल्या ग्लान्झमन नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी तो पहिल्यांदा लिहून ठेवला, म्हणून हे नाव. रक्त थांबवायला प्लेटलेट एकमेकींना चिकटाव्या लागतात. फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन त्यांच्यामध्ये दोरीसारखं काम करतं आणि ती दोरी धरायला प्लेटलेटच्या अंगावर एक खास जागा असते. आमच्या मुलांच्या प्लेटलेटवर ती जागाच नाही. मी नातेवाइकांना असं सांगते, की ऊस शेतात भरपूर आहे, पण मोळी बांधता येत नाही.

आणि ऊस भरपूर असल्यामुळेच आजार सापडत नाही. लेक तीन वर्षांची असताना बाकावर आपटली आणि वरच्या ओठाच्या आतला पडदा फाटला. एवढीशी जखम, पण दोन दिवस रक्त थांबेना. उशी बदलायची, फडकी धुवायची, पुन्हा तेच. एका दवाखान्यात सीबीसी केली, प्लेटलेट दोन लाख ऐंशी हजार. "प्लेटलेट तर भरपूर आहेत, पोर जिभेनं चाळवत असेल," म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी रक्त गोठण्याच्या नेहमीच्या दोन तपासण्या केल्या, त्याही नॉर्मल आल्या. त्याआधीही तिच्या अंगावर काळे-निळे डाग उठायचे, रडून रडून चेहऱ्यावर लाल ठिपके यायचे, महिन्यातून दोनदा घोळणा फुटायचा. घरात सगळे म्हणायचे उष्णता आहे, कांदा हुंगवा, टाळूवर पाणी थापा. अंगणवाडीत तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, घरी कुणी मारतं का हिला. त्या बाईंचा राग नाही, त्यांनी विचारलं ते योग्यच होतं. पण मी त्या दिवशी घरी येऊन रडले.

शेवटी एका डॉक्टरांनी परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेचा पत्ता दिला. रक्ताची नळी कुरिअरनं पाठवून ही तपासणी होत नाही. प्लेटलेट ताज्या लागतात, काही तासांत तपासाव्या लागतात, म्हणून पोरीलाच न्यावं लागतं. रात्रीच्या महालक्ष्मीनं गेलो. तिथल्या मॅडमनी कागद समोर ठेवला. प्लेटलेट एकमेकींना चिकटतात का, ते बघायला त्यात पाच वेगवेगळी द्रव्यं मिसळतात, त्यांच्या पाच रेषा. चिकटल्या तर रेषा वर जाते. एडीपी, कोलॅजेन, ॲड्रेनालिन, ॲराकिडोनिक ॲसिड, या चारांच्या रेषा जमिनीवर झोपल्यासारख्या सपाट. पाचवी रिस्टोसेटिनची, ती मात्र वर गेलेली. "ही एक वर जाते आणि बाकीच्या झोपतात, हीच याची खूण," म्हणाल्या. नंतर फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या तपासणीत, ती जागा जवळजवळ नाहीच हे पक्कं झालं. तो कागद लॅमिनेट करून आजही माझ्या पर्समध्ये असतो.

आता पुढे काय होतं ते. आजार वाढत नाही, हे आधी मनावर घ्या. कॅन्सरसारखा तो पसरत जात नाही. जन्मतः जेवढा होता तेवढाच राहतो. बदलते ती रक्त जाण्याची जागा. रांगताना डाग आणि गाठी. मग तोंड, दात. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत नुसतं नाक. लेकीच्या दुसरी-तिसरीच्या वर्षांत आमच्या घरात पांढरी चादर नव्हती. हिमोफिलियात सांध्यात रक्त साचतं, तसं यात सहसा होत नाही, तेवढी एक सुटका. पण थोडं-थोडं सतत जात राहतं म्हणून लोह कमी पडतं, आणि ते इतकं हळूहळू होतं की पोर चिडचिडी का झाली, अभ्यासात मागे का पडली, ते कळतच नाही. दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघत जा. आम्ही पहिली चार वर्षं फेरिटिन बघितलंच नाही, त्याची मला आजही चुटपुट लागते.

मुलींच्या आयांनी हे पुन्हा पुन्हा वाचा : पहिली पाळी हा या आजारातला सगळ्यात मोठा घाट. आम्हाला कुणीही आधी सांगितलं नाही. २०१८ च्या जूनमध्ये, बाराव्या वर्षी, लेकीला पाळी आली. पहिले दोन दिवस मी पाळी म्हणूनच बघत राहिले. तिसऱ्या दिवशी तासाला एक पॅड भिजायला लागलं. पाचव्या दिवशी ती मोरीतून उठताना भिंत धरून खाली बसली. ओठ पांढरे, नखं पांढरी. हिमोग्लोबिन ४.२. चार बाटल्या रक्त, प्लेटलेट, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (झालेली गुठळी विरघळू न देणारं औषध) आणि शेवटी हॉर्मोनच्या गोळ्यांनी ते थांबलं. आज मला ठाऊक आहे की मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ या दोघांशी बोलून ठेवायचं, गोळ्या कोणत्या आणि कधी सुरू करायच्या ते कागदावर लिहून घ्यायचं. पाळी आल्यावर धावाधाव करायची नाही.

आणि दुसरं, याच्याहून महत्त्वाचं. प्लेटलेट जपून चढवा. लहानपणी लेकीला घोळण्यासाठी, दात काढण्यासाठी, एकदा तर "खबरदारी म्हणून" प्लेटलेट चढवल्या. प्रत्येक वेळी रक्त थांबायचं, आम्हाला हायसं वाटायचं. पण जी जागा तिच्या प्लेटलेटवर नाही ती दात्याच्या प्लेटलेटवर असते. तिच्या शरीराला ती परकी वाटते आणि शरीर तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. दात्याच्या पेशींवर एचएलए नावाच्या ओळखीच्या खुणा असतात, त्यांच्याविरुद्धही अँटिबॉडी होतात. मग पुढे पिशव्या लावूनही उपयोग होत नाही.

हे आम्हाला कळलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. कृष्णा शहरात शिरलेली, आम्ही घर सोडून विश्रामबागला दिरांकडे. हॉर्मोनच्या गोळ्या गावभागातल्या कपाटात, पाण्याखाली. दोन दिवस गोळ्या चुकल्या आणि अंगावरून जायला लागलं. कोल्हापूर, पुण्याकडचे रस्ते बंद. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात, म्हणून कुणी साठा करत नाही. दाता बोलवायचा, तर येणार कसा? दिरांच्या मित्रानं गुडघाभर पाण्यातून चालत येऊन प्लेटलेट दिल्या. त्या चढल्या आणि रक्त एक थेंबभरही कमी झालं नाही. मी त्या पिशवीकडे बघत बसले होते. पिवळसर, मधासारखी, हळूहळू रिकामी होणारी. त्या पोरानं एवढा जीव टाकून दिलेलं, आणि लेकीच्या अंगात ते विरून जात होतं. तेव्हा तिला वाचवलं ते ट्रॅनेक्सॅमिक, जास्तीच्या हॉर्मोन गोळ्या आणि रक्ताच्या बाटल्यांनी. रस्ता खुला झाल्यावर रिकॉम्बिनंट फॅक्टर सेव्हन-ए, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं रक्त गोठवणारं प्रथिन, आणलं. युरोपात २००४ साली आणि अमेरिकेत २०१४ साली त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली, अँटिबॉडी झालेल्यांचा तो मोठा आधार आहे. पण किंमत अशी की आम्ही त्या आठवड्यात माझ्या पाटल्या मोडल्या.

म्हणून सांगते, घोळण्याला आधी दाबून धरणं, ट्रॅनेक्सॅमिक, नाकात भरायची पट्टी. प्लेटलेट मोठ्या ऑपरेशनसाठी, बाळंतपणासाठी, अपघातासाठी राखून ठेवा. द्यायच्याच झाल्या तर एकाच दात्याच्या, पांढऱ्या पेशी गाळून काढलेल्या मागा. डॉक्टरांना हे विचारायला लाजू नका.

तासगावचा मळेवाला :

ताई, वाचताना हात थांबला. माझ्या बहिणीला यातलाच दुसरा आजार आहे, बर्नार्ड-सुलिए. त्यात प्लेटलेट कमी असतात आणि आकारानं मोठ्या. आकडा कमी दिसला की सगळे आयटीपी म्हणतात, म्हणजे शरीर स्वतःच आपल्या प्लेटलेट नष्ट करतं तो आजार. तिलाही तेच म्हटलं. नऊ वर्षं स्टेरॉइड. चेहरा सुजला, हाडं ठिसूळ झाली, पाणथरी काढायचंही ठरलेलं. ऑपरेशनच्या आधी एका वयस्क पॅथॉलॉजिस्टनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली काच बघितली. प्लेटलेट जवळपास लाल पेशीएवढ्या. त्यांनी ऑपरेशन थांबवायला लावलं. मशीन एवढ्या मोठ्या प्लेटलेट नीट मोजत नाही हेही तेव्हाच कळलं. तिच्या रिपोर्टात ताईंच्या बरोबर उलट, रिस्टोसेटिनची रेषा झोपलेली आणि बाकीच्या वर.

ज्यांना लहानपणापासून "आयटीपी" आहे, औषधानं आकडा हलत नाही आणि घरात आणखी कुणाला तसंच आहे, त्यांनी काच हातानं बघून घ्या. मशीनच्या आकड्यावर थांबू नका.

कृष्णाकाठची :

दादा, बहिणीची हाडांची तपासणी करून घेतलीत ना? इतकी वर्षं स्टेरॉइड म्हणजे ते बघायलाच हवं. आता कशा आहेत?

तासगावचा मळेवाला :

केली. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व चालू आहे. स्टेरॉइड बंद झाल्यावर चेहरा पूर्वीसारखा झाला. शाळेत शिकवते.

मिरजेचा फार्मसीवाला :

मी मिरजेत औषधाच्या दुकानात आहे. दोन गोष्टी सांगतो.

डोकं दुखतंय म्हणून लोक काउंटरवर गोळी मागतात आणि आम्ही देतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही तिन्ही या रुग्णांना नकोत. सर्दीच्या, पाठदुखीच्या जोडगोळ्यांतही ती लपलेली असतात. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. पॅरासिटामॉल चालतं. कमरेत इंजेक्शन घेऊ नका, स्नायूत गाठ होते.

दुसरी गोष्ट तुमच्या आजाराची कल्पना यायला उपयोगी पडेल. अँजिओप्लास्टीच्या वेळी काही रुग्णांना टिरोफिबॅन, एप्टिफिबॅटाइड अशी औषधं देतात. ती प्लेटलेटवरची नेमकी हीच जागा बंद करतात. म्हणजे हृदयाच्या रुग्णाला काही तासांसाठी जाणूनबुजून ग्लान्झमनसारखं करतात, आणि तेवढ्या वेळात रक्तस्रावावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. या पोरांचा सगळा जन्म त्या अवस्थेत जातो.

कृष्णाकाठची :

हे मला माहीत नव्हतं. लेकीला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, पुढच्या वेळी कुणी डॉक्टर "हे काय असतं" म्हणाले तर मी हेच सांगेन, त्यांना लगेच कळेल.

कराडची मावशी :

मी स्वतः ग्लान्झमनची रुग्ण. वय ५४. या भागात माझ्या वयाचं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही, म्हणून लिहिते, म्हणजे पुढचं पोरींना कळेल.

लहानपणी मी भिंतीची माती खायची. आई मारायची. ते लोह कमी असल्याचं लक्षण असतं हे मला चाळिशीत समजलं. पोरं कच्चे तांदूळ, खडू, माती खात असतील तर मारू नका, रक्त तपासा.

घोळणा विशीनंतर कमी झाला. पंचविशीनंतर वर्षातून एखाद-दुसरा. मला वाटलं, सुटले. तसं नाही. दोन बाळंतपणं झाली. पहिल्या वेळी बाळंतपण सुरळीत झालं, सगळ्यांनी पेढे वाटले. नवव्या दिवशी, बाळाला पाजत असताना, एकदम ऊन ऊन लागलं म्हणून खाली बघितलं तर गोधडी भिजलेली. बाळंतिणीला कोणत्या दिवसापर्यंत जपायचं हे कुणी बोललंच नव्हतं. दुसऱ्या वेळी मी स्वतः सांगितलं, ट्रॅनेक्सॅमिक दोन आठवडे तरी चालू ठेवा, घरी लवकर पाठवू नका. त्या वेळी काही झालं नाही. आणखी एक, आईच्या अंगात अँटिबॉडी असतील तर त्या वारेतून बाळापर्यंत पोचून बाळाच्या प्लेटलेट कमी करू शकतात. म्हणून बाळंतपणाआधी त्या तपासायच्या आणि जन्मल्यावर बाळाच्याही प्लेटलेट मोजायच्या.

पन्नाशीनंतर आता आतड्यातून जातं. शौचाला काळं, डांबरासारखं. दुर्बिणीतून बघितलं तर आतड्याच्या अस्तरावर फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या सापडल्या. धडधाकट माणसातही वयानुसार होतात म्हणे, पण त्याचं रक्त थांबतं, माझं थांबत नाही. तीनदा जाळून घेतल्या. लोह आता शिरेतूनच घेते, गोळ्या पुरत नाहीत. पाळी गेल्यावर मोकळी होईन असं वाटत होतं. पाळी गेली, वर्षभर हिमोग्लोबिन ११ होतं, ते दिवस फार छान होते. मी जिना न थांबता चढायची.

सगळ्यात जास्त थकवतं ते समजावणं. दर नव्या दवाखान्यात पहिल्यापासून सगळं. "प्लेटलेट नॉर्मल आहेत की तुमच्या." पन्नास वर्षं हेच वाक्य ऐकते.

कृष्णाकाठची :

मावशी, नवव्या दिवसाचं लिहिलंत ते मी लेकीच्या फाइलमध्ये तुमच्या शब्दांत उतरवून ठेवलंय. तिचं लग्न व्हायला अवकाश आहे, पण तेव्हा मला आठवेल न आठवेल. तुम्हाला भेटायला कराडला यायचं आहे. आलं तर चालेल का?

कराडची मावशी :

विचारायचं काय त्यात? पोरीला घेऊन ये. जेवायलाच या.

वारणेकाठचा :

एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या मामाची मुलगी करतात. माझं स्वतःचं तसंच आहे, तीन मुलं ठणठणीत. मग हे नात्यातल्या लग्नामुळे होतं असं डॉक्टर का म्हणतात?

कृष्णाकाठची :

राग कशाचा, मला आत्याच्याच घरी दिलेलं आहे. सासू माझी सख्खी आत्या.

हा दोष १७ व्या गुणसूत्रावरच्या दोन जनुकांपैकी एकात असतो. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून सदोष प्रत आली तरच आजार होतो. एकच प्रत असलेला माणूस धडधाकट असतो, त्याला आयुष्यभर कळतही नाही. मी आणि हे, दोघंही तसेच. माझ्या आजोबांकडून किंवा आजीकडून ती प्रत माझ्या वडिलांकडेही आली आणि आत्याकडेही, तिथून आम्हा दोघांत. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला चारात एक, म्हणजे २५ टक्के शक्यता. प्रत्येक वेळी नव्यानं. तुमच्या घरात ती प्रत नसेल तर काहीच होणार नाही, नात्यात लग्न केल्यानं दोष जन्माला येत नाही. असलेला दोष समोरासमोर यायची शक्यता वाढते, एवढंच. जिथं नात्यात लग्नं जास्त, तिथं हा आजार जगभर जास्त सापडतो.

लेकीचं निदान झालं तेव्हा आत्या म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं." मी तेव्हा गप्प बसले. वर्षभर मी जेवले नाही नीट. पुढे परळच्या मॅडमनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून कागदावर वंशावळ काढून दाखवली. आत्यानं तो कागद बराच वेळ हातात धरला. त्या दिवसापासून लेकीच्या लोहाच्या गोळ्यांची वेळ तीच सांभाळते.

घरातली दोषाची नेमकी जागा माहीत असेल तर पुढच्या गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेची तपासणी करून कळू शकतं. आमचा मुलगा पोटात असताना आम्हाला ही सोय कुणी सांगितली नाही. त्याच्या बाबतीत एक नवल : दोघांत तोच दोष, तरी त्याला लेकीच्या निम्मंही रक्त जात नाही. एकाच घरात एवढा फरक पडतो, म्हणून माझ्या लेकीचं वाचून कुणी घाबरून जाऊ नका.

ऊसकरी :

बोन मॅरो बदलून बरा होतो का?

कृष्णाकाठची :

होतो, पूर्ण बरं करणारा आजवरचा मुख्य उपाय तोच. पण त्यातच जिवाला धोका असतो, म्हणून फार जास्त रक्त जाणाऱ्या किंवा अँटिबॉडीमुळे प्लेटलेट निकामी झालेल्या रुग्णांसाठीच विचार करतात. आम्ही वेल्लोरला जाऊन सल्ला घेतला. मुलगा दाता होऊ शकत नाही, त्यालाच आजार. आम्ही थांबलोय.

सातारारोड :

अपंगत्वाच्या दाखल्याचं काय? माझ्या चुलतभावाला हिमोफिलियाचा मिळालाय.

कृष्णाकाठची :

२०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल आहेत. आमच्या आजाराचं नाव नाही. लेकीची बारावीची परीक्षा पाळीत आली, हिमोग्लोबिन सात, दोन पेपर तिनं डोकं टेकवत लिहिले. जादा वेळ मिळाला नाही. रक्त तेच, त्रास तोच, फक्त यादीत नाव नाही. हे मला फार लागतं आणि याबद्दल मी लिहीत राहणार आहे.

महांकाळची आई :

ताई, ज्यांनी फोन केला होता ती मीच. सगळं दोनदा वाचलं. बाळाला खालचे दोन दात येतायत. पुढच्या आठवड्यात लस आहे, आशाताई म्हणतात घेऊ का नको ते विचारून या. दाराबाहेर फरशी आहे, रांगायला सोडू का?

कृष्णाकाठची :

लस चुकवू नका. शक्य तितकी बारीक सुई मागा आणि टोचल्यावर न चोळता दहा मिनिटं घट्ट दाबून धरा. घड्याळ लावून, अंदाजानं नाही. हिपॅटायटिस बी तर हवीच, पुढे रक्त चढवावं लागलं तर.

दात येताना थोडं रक्त येईल, घाबरू नका. ट्रॅनेक्सॅमिकची गोळी कुटून पाण्यात कालवून कापसानं हिरडीला लावायला आम्हाला सांगितलं होतं. बाळासाठी किती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. दात आल्यापासून मऊ ब्रश, रोज. हिरड्या खराब झाल्या की रक्त कायमचं मागे लागतं. सहाव्या वर्षी दुधाचे दात पडायला लागतील तेव्हा हलता दात हातानं ओढू देऊ नका.

घोळणा फुटला तर डोकं मागे टाकू नका, पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग पंधरा मिनिटं दाबा. रात्री नाकात थोडं व्हॅसलीन. लघवीतून रक्त आलं तर मात्र ट्रॅनेक्सॅमिक मनानं देऊ नका, आत गुठळी अडकू शकते. डोक्यावर आपटलं तर वाट न बघता दवाखाना.

आणि रांगू द्या. गुडघ्याला जुन्या सॉक्सची गादी शिवा, फरशीवर सतरंजी टाका. मी लेकीला दीड वर्ष कडेवरच ठेवलं, ती उशिरा चालली. ती चूक तुम्ही करू नका.

महांकाळची आई :

लस घेऊन आलो. दहा मिनिटं धरलं. नर्सबाई म्हणाल्या बास, मी सोडलं नाही. अजून गाठ नाही.

कृष्णाकाठची :

छान. रात्री झोपवताना मांडी पुन्हा बघा आणि उद्या सकाळीही. आमच्यात उशिरानं येते.